चौथा रकाना: थांबलेले श्वास

१८ नोव्हेंबर

तोंडात मापासाठी गुलाबी लगदा भरलेला, त्यामुळे कृष्णकांत हातानेच विचारत होते की अजून किती. दातांच्या डॉक्टर मितालींनी दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. लाळ हनुवटीवरून टॉवेलवर ओघळत होती. मी टॉवेल सरकवला. लगदा घट्ट झाल्यावर डॉक्टरांनी साचा एका झटक्यात ओढून काढला. त्यात वरच्या सगळ्या दातांचे खड्डे होते. मग खालचा साचा. पुन्हा दोन मिनिटं.

दात मजबूत आहेत, डॉक्टर म्हणाल्या, झोपताना लावायच्या साधनाला धरायला जागा आहे. एकोणसाठाव्या वर्षी कुणीतरी दातांचं कौतुक केलं म्हणून कृष्णकांत खांदा कॉलनीपासून रोडपालीपर्यंत रिक्षात खुशीत होते.

मला एक छापील कागद मिळाला. पाच रकाने. तारीख, झोपेची वेळ, घोरणं शून्य ते दहा, थांबलेले श्वास, शेरा. वर रुग्णाचे नाव. त्यांना झोप लागल्यावर एक तास जागं राहून मोजायचं. साधन किती पुढे सरकवायचं ते या आकड्यांवरून ठरणार. शाळेतली एक फुलस्केप वही उरली होती. तिच्यात तसेच रकाने आखले. वहीच्या मागच्या बाजूने हे लिहिते आहे.

रुग्णाचं नाव लिहिताना लक्षात आलं, लग्नाच्या तेहेतीस वर्षांत हे नाव मी तोंडाने घेतलेलं नाही. त्यांच्याकडूनही 'अगं'च. लिहायला हरकत नाही.

१९ नोव्हेंबर

झालेलं क्रमाने लिहून ठेवते.

कृष्णकांत बंदरात क्रेन चालवतात. केबिन वीस मीटर उंच. पायाखाली काच, काचेखाली ट्रेलर. ऑगस्टमध्ये दुपारच्या पाळीत कंटेनर उतरवताना त्यांना झोप लागली. खाली ड्रायव्हर भावेशचा ट्रेलर होता. कंटेनर त्याच्या टपाच्या हातभर वर लटकत राहिला. भावेशने हॉर्न वाजवला, वायरलेसवर हाका मारल्या. नऊ सेकंदं. हा आकडा भावेशचा. कृष्णकांत तीन म्हणतात.

कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी झोपेची चाचणी करवली. तासाला एकतीस वेळा श्वास थांबतो. घसा मिटतो, मेंदू उठवतो, पुन्हा झोप, पुन्हा घसा मिटतो. माणूस आठ तास आडवा असतो, झोपलेला नसतो. आधी हवेचं मशीन दिलं, नाकावर मुखवटा. अकरा रात्री लावला. बाराव्या रात्री ओढून काढला. म्हणून आता हे दातांवर बसणारं साधन. ते खालचा जबडा पुढे धरून ठेवतं, जीभ मागे पडत नाही.

दुसऱ्या चाचणीत आकडा दहाच्या आत आला तर पुन्हा केबिन. नाही आला तर निवृत्तीपर्यंत गेट ऑफिस. चौदा महिने उरलेत. सध्या ते गेट ऑफिसातच बसतात. येणाऱ्या ट्रेलरचे नंबर लिहून घेतात. घरी आल्यावर बोलत नाहीत.

३ डिसेंबर

साधन आलं. एक वरच्या दातांवर, एक खालच्या. पारदर्शक. दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू आणि ते फिरवायची टाचणीएवढी किल्ली. कृष्णकांत त्याला कवळी म्हणतात. ही कवळी नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आता डॉक्टरही कवळी म्हणतात.

४ डिसेंबर

घोरणं आठ. थांबलेले श्वास सव्वीस. त्यांचा श्वास थांबला की माझाही थांबतो. तो सुरू झाला की मी घेते. मुद्दाम करत नाही.

सकाळी साधन काढल्यावर त्यांच्या दाढा एकमेकींना टेकत नाहीत. अर्ध्या तासाने टेकतात, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. ते खुर्चीत बसून वाट पाहत होते. पोहे गार झाले.

माझं डोकं जड आहे. चष्म्याचा नंबर तपासायला हवा.

९ डिसेंबर

आठवड्याला स्क्रूचे दोन फेरे, तेवढा जबडा पुढे. किल्ली मी फिरवते, त्यांची बोटं जाड आहेत. श्वास एकोणीस.

एकोणीस नक्की नाही. मधेच मला झोप लागली असणार. पेन चादरीवर पडलं होतं, शाईचा डाग झाला. कृष्णकांत म्हणाले, तूही घोरतेस. मी म्हटलं, बदला घेऊ नका.

१५ डिसेंबर

भावेश आला होता. गावात काल पोपटी लावली होती, त्या मडक्यात भाजलेल्या शेंगा आणि बटाटे डब्यात भरून आणले. डब्याला अजून भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास होता.

तो कृष्णकांतांच्या जागी बसवलेल्या नव्या ऑपरेटरबद्दल सांगत होता. "काका, तो कंटेनर ठेवत नाय, टाकतो. माजी कंबर गेली." कृष्णकांत किती दिवसांनी हसले. मग भावेशने कवळी बघायला मागितली, हातात धरून उलटसुलट केली, आणि आता सासऱ्यालाही एक करून घेतो म्हणाला, म्हणजे निदान रात्री तरी तोंड बंद राहील.

जाताना चपला घालून दारात थांबला.

"रिपोर्ट मीच केला होता, काका. खाली मी होतो."

"माहीत आहे."

"तुमी वर गेलात का पयला ट्रेलर माजाच लावनार."

या गप्पांमधला मधला भाग मला माहीत नाही. बसल्या जागी डुलकी लागली होती. भावेश म्हणे आवाज हळू करून बोलत होता. शेंगा जड पडल्या.

२४ डिसेंबर

घोरणं दोन. श्वास सात. वहीत पाच लिहिले. सात आणि पाच यांत फरक काय. सकाळी उठल्यावर ते पहिल्यांदा हेच विचारतात, किती. पाच म्हटलं की दाढी करताना गुणगुणतात.

गेल्या आठवड्यात गेट ऑफिसात एकदाही डोळा लागला नाही म्हणाले. रविवारी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला. तो दिवाळीपासून गळत होता.

पहाटे स्वप्न पडलं. वडाळे तळ्यात पडले आहे, पाणी नाकापर्यंत. जागी झाले तेव्हा अंथरुणात उठून बसले होते, घसा कोरडा. हे शेजारी झोपले होते, आवाज नाही. शांततेची सवय व्हायला वेळ लागेल.

४ जानेवारी

श्वास पाच. तीन लिहिले.

शाळेत बत्तीस-तेहेतीस गुणांवर अडकलेल्यांना मी कधी अडवलं नाही. सगळेच देतात. पेपर पुन्हा वाचला की कुठेतरी दोन गुण सापडतात. शेवटच्या वर्षी मार्चमध्ये पर्यवेक्षण करताना खुर्चीत माझा डोळा लागला. मुलांनीच सांगितलं, बाई, घंटा झाली. उकाडा फार होता.

१० जानेवारी

चाचणीचं यंत्र उद्या मिळेल. छातीच्या डॉक्टरांचं आहे, डॉक्टर मितालींच्या दवाखान्यातून घ्यायचं. छातीवर पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. घरीच एक रात्र लावून झोपायचं आणि सकाळी परत द्यायचं.

रात्री जेवताना कृष्णकांत म्हणाले, "तू लाव."

"काय?"

"पट्टा. तुला काही त्रास नाही. आकडा शून्य येईल."

"तुमचाही कमीच येईल. वहीत बघा."

"वही तू लिहिली आहेस," ते म्हणाले. "तू आजवर नापास कुणाला केलंयस?"

मी ताटं उचलली. वहीतले आकडे खरे आहेत असं मला सांगता आलं असतं. सगळे नव्हते. कुठले खरे आणि कुठले कमी केलेले, हे आता मलाही नीट सांगता येणार नाही. मी खूणही केलेली नाही.

११ जानेवारी

दहावीच्या केंद्रावर एकदा एक मुलगी बहिणीच्या जागी पेपर द्यायला बसली होती. हॉल तिकिटावरचा फोटो मीच ओळखला. मी तिला उठवलं. ती रडली नाही. पेनाचं टोपण लावलं आणि चालू लागली. बहीण फाटकाबाहेर उभी होती.

हे आज का आठवावं ते उघड आहे. लिहून ठेवलं.

पण केबिन ही त्यांची जागा आहे. गेटवर बसलेला माणूस घरी येतो तेव्हा तो वेगळा माणूस असतो. आणि घोरणं खरोखरच कमी झालं आहे, ते मी ऐकते. म्हणजे भावेशला धोका नाही. चाचणी फक्त कागदासाठी.

मी हो म्हटलं.

१२ जानेवारी

यंत्रात नाव आधीच भरलेलं होतं. पट्टा मला एक छिद्र आत घ्यावा लागला. कृष्णकांतांनी माझ्या बोटाला चिमटा लावला, त्यावरचा लाल दिवा बघत राहिले, मग स्वतःची कवळी लावून भिंतीकडे तोंड करून झोपले.

मला झोप बरी लागली. तीनदा उठले, तेवढी नेहमीच उठते. सकाळी डोकं नेहमीसारखं.

परत देताना पट्टा एक छिद्र सैल करायला विसरले नाही.

१६ जानेवारी

तासाला अठ्ठावीस.

डॉक्टर मितालींनी आकडा दोनदा वाचला. मग माझी वही उघडली, शेवटची दोन पानं पाहिली. तीन, पाच, तीन, चार. मला विचारलं, नीट मोजता ना. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, घोरणं बंद झालं तरी काहींचा श्वास थांबत राहतो, शेजारच्याला कळत नाही. आणखी आठ फेरे द्यायचे, दोन आठवड्यांत. फेब्रुवारीत पुन्हा चाचणी.

 घरी आल्यावर मी म्हटलं, यंत्र बिघडलेलं असणार, नाहीतर पट्टा सैल राहिला. कृष्णकांतांनी खरोखर विचार केला.

"तुझे अठ्ठावीस दाखवले," ते म्हणाले. "माझे साठ दाखवले असते."

त्यांना या हिशोबाने बरं वाटलं असावं. मलाही वाटलं.

२२ जानेवारी

चार फेरे झाले. बाजारात ओरायन मॉलसमोर रिक्षाची वाट पाहताना उभ्या उभ्या डोळे मिटले. एका बाईने दंड धरला. ऊन होतं.

२९ जानेवारी

आठ फेरे पूर्ण. कृष्णकांतांच्या दाढा आता दुपारपर्यंत जुळत नाहीत. कानासमोर दुखतं. भाकरी चावता येत नाही, मऊ भात नेतात, आज डबा तसाच परत आला. रात्री मी कवळी पुढे केली की तोंड उघडतात. नको म्हणत नाहीत.

वहीत श्वास शून्य. हे मात्र खरे शून्य आहेत, एक तास पूर्ण जागी होते. चिमटा काढत बसले होते.

आकडा माझा आणि जबडा त्यांचा. किल्ली मीच फिरवते.

३ फेब्रुवारी

भावेशचा फोन आला. काकांचा फोन लागत नाही म्हणून मला. साहेबांशी तो बोलून आला होता, काकांची जागा राखून ठेवा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, चाचणी व्हायची आहे अजून. तो म्हणाला, "काकू, आमाला कागद नको. काका बोलले मी बरा हाय, तर बरा."

फोन ठेवून ओट्याकडे वळले तोवर दूध उतू गेलं.

४ फेब्रुवारी

दुपारी एकटी खांदा कॉलनीत गेले. कृष्णकांत पाळीवर होते. दवाखान्यात एक आजी दाढ काढायला बसल्या होत्या, त्यांचं होईपर्यंत थांबले.

डॉक्टर मितालींना सांगितलं. पट्टा मी लावला होता. वहीतले काही आकडेही कमी केलेले आहेत. आठ फेरे माझ्या झोपेवर दिले गेले, त्यांचा जबडा दुखतो.

त्यांनी हातमोजे काढले, कचऱ्यात टाकले. मला वाटलं, ओरडतील. मी शिक्षिका होते, ओरडण्याआधी माणूस कसा थांबतो ते मला माहीत आहे. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या.

सकाळी डोकं दुखतं का, विचारलं. मी म्हटलं, चष्मा. रात्री किती वेळा उठता. तीनदा. घसा कोरडा पडतो का. दिवसा बसल्या बसल्या झोप लागते का. गुदमरून जाग येते का. तोंडी परीक्षेसारखं मी एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेले. सगळ्यांना हो होतं. प्रत्येक हो बरोबर मला एक कारण माहीत होतं, शेंगा, ऊन, उकाडा. कारणं त्यांनी लिहून घेतली नाहीत.

"यंत्र बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट खरा आहे. फक्त नाव चुकलंय."

वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्या पत्र लिहिणार. जानेवारीचा रिपोर्ट कृष्णकांतांचा नाही, हे त्यात असेल. ते लिहावंच लागेल म्हणाल्या, वर क्रेन आहे. मी हो म्हटलं. मग त्यांनी एका कागदावर माझं नाव, वय लिहिलं आणि छातीच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली.

संध्याकाळी कृष्णकांतांना सांगितलं. ते बूट काढत होते. एक काढलेला, एक पायात. 

"म्हणजे आता दोघंही नापास," ते म्हणाले.

मग दुसरा बूट काढला.

७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी पाच फेरे उलटे दिले. आज त्यांनी सकाळी अर्धी भाकरी खाल्ली. माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. किल्ली मात्र माझ्याच हातात देतात.

१३ फेब्रुवारी

काल त्यांची चाचणी झाली. या वेळी रुग्णालयात, तंत्रज्ञ रात्रभर शेजारच्या खोलीत. नाव विचारलं, ओळखपत्र पाहिलं, मग पट्टा लावला. मी घरी होते. मोजायला कुणी नव्हतं.

१७ फेब्रुवारी

तासाला सहा.

डॉक्टर मिताली म्हणाल्या, पाच फेरे मागे आणल्यावर साधन जवळजवळ तिथेच आहे जिथे जानेवारीत होतं. त्या रात्री पट्टा त्यांनीच लावला असता तर आकडा साधारण हाच आला असता. हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. कृष्णकांत दवाखान्यातल्या दातांच्या चित्राकडे बघत होते.

छातीचे डॉक्टर मला मुखवटा देणार आहेत. माझ्या खालच्या तीन दाढा नाहीत, कवळी धरणार नाही. तोपर्यंत घोरण्याची आणि श्वासाची नोंद ठेवायची. डॉक्टर मितालींनी तसलाच छापील कागद काढला आणि माझ्याकडे न देता कृष्णकांतांकडे दिला. त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

२० फेब्रुवारी

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद वाचले, सहाचा आणि पत्राचा. केबिन नाही. सहा या आकड्यावर शंका नाही म्हणाले, शंका माणसावर आहे. निवृत्तीपर्यंत गेट ऑफिस.

कृष्णकांतांनी हे चहा पिताना सांगितलं, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. भावेशला कळलं आहे. दुपारी ट्रेलर गेटवर थांबवून तो खिडकीशी आला. शिव्या देईल असं त्यांना वाटलं होतं. तो इतकंच म्हणाला, "काका, सहा होते तर सहा दाखवायचे ना. आमी कुटं नाय म्हनत होतो." मागून हॉर्न वाजायला लागले. कृष्णकांतांनी त्याच्या ट्रेलरचा नंबर लिहून घेतला आणि आत सोडलं.

मी म्हटलं, चूक माझी. मी नाही म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, आणि विचारलं कुणी, मीच ना. मग टीव्ही लावला. बातम्या चालू असताना मला झोप लागली. मी कधी उठून आत गेले, आठवत नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळी साडेपाचला जाग आली. डोकं दुखत होतं. वही माझ्या उशाशी होती, पुढच्या बाजूने उघडलेली.

नवं पान. रकाने पट्टी न वापरता आखलेले, वाकडे. वर लिहिलं होतं: रुग्णाचे नाव, पद्मजा. खाली त्यांचं अक्षर. मोजायचा असतो एक तास. त्यांनी साडेदहापासून पहाटे साडेचारपर्यंत सहा ओळी भरल्या होत्या. थांबलेले श्वास: एकोणतीस, चोवीस, एकतीस, सत्तावीस, तेहेतीस, अठ्ठावीस. कुठे खाडाखोड नव्हती. शेऱ्याचा रकाना रिकामा.

कवळी डब्यात कोरडी होती.

मी पोहे केले. त्यांनी लगेच खाल्ले, दाढा जुळायची वाट पाहावी लागली नाही. सव्वासहाला बस आली. बसमध्ये झोपेन, म्हणाले, आणि गेले.